आमची वाटचाल : सीट नंबर आठवत नसेल तर

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ बाबांचं बाइंडिंगचं दुकान होतं. वर्षभर पुस्तकं, वह्या, वकिलांची कामं, आणि निकाल लागले की विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची लेजरं, म्हणजे सगळ्यांच्या गुणांच्या जाडजूड नोंदवह्या. एकेक लेजर उचलायला दोन माणसं लागायची. खळ शिजवताना बाबा त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, कसर लागू नये म्हणून. घरी आलं की हाताला तोच वास.

२००८ साली मी दुकानात बसायला लागले तेव्हा हे काम आटत चाललं होतं, निकाल कॉम्प्युटरवर गेले होते. पण जुन्या कागदांना अचानक गिऱ्हाईक आलं होतं. माहितीचा अधिकार ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला आणि ऑफिसांवर ३० दिवसांत उत्तर द्यायची वेळ आली. अभिलेखांची सूची करून ठेवा, असं त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं. आमच्याकडं बहुतेक रेकॉर्ड रूमची सूची एखाद्या शिपाईमामांच्या डोक्यात असते. मामा रिटायर झाले की सूचीही रिटायर.

म्हणून जुनी दप्तरं स्कॅन करून त्यांची सूची करून द्यायचं काम सुरू केलं. कर्ज काढून दोन स्कॅनर घेतले आणि पहिलंच काम बिघडवलं. फाइल लहान व्हावी म्हणून सगळी लेजरं शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली. तपासायला बसलो तर लाल शाईच्या दुरुस्त्या आणि त्यांच्या शेजारच्या बारीक सह्या काही पानांवरून गायब. म्हणजे ज्याचे ३४ चे ३७ झाले, तो आमच्या प्रतीत पुन्हा नापास! सगळं रंगीत स्कॅन परत केलं, स्वतःच्या खर्चानं. ते वर्ष तोट्यात गेलं.

दुसरा धडा एका बाईंनी दिला. धुळ्याहून आल्या होत्या, ७४ साली बी.ए. झालेल्या, पेन्शनच्या कामाला गुणपत्रक हवं होतं. आधी जळगावला जाऊन आल्या, तिथून पुण्याला पाठवलं. ते बरोबरच होतं. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, त्याआधीची तिकडची कॉलेजं पुण्याला जोडलेली. कोल्हापूर-सांगलीचंही १९६२ पर्यंत तसंच, आणि १९४९ च्या आधी खुद्द पुण्यातल्या कॉलेजांच्या पदव्या मुंबईच्या. विद्यापीठं वेगळी झाली तरी निकालाचं दप्तर ज्यानं पदवी दिली त्याच्याकडेच राहतं.

तर बाईंना सीट नंबर आठवत नव्हता, नाव लग्नानंतरचं, आणि आमची सूची नुसती सीट नंबरवर! माहेरचं नाव विचारून आम्ही पान पान उलटलं. संध्याकाळी सापडलं. त्यानंतर सूचीत नाव, कॉलेज, वर्ष, विषय असे चार रकाने आले आणि आमचा दर दीडपट झाला. कमी दरात स्कॅन करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी केलेल्या कामाची सूची करायलाही आम्हालाच बोलावतात.

खरा वेळ मात्र वर्गवारीत जातो, म्हणजे कुठला कागद किती वर्षं ठेवायचा हे ठरवण्यात. सरकारी पद्धतीत अ म्हणजे कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच, ड एक वर्ष. निकालाची लेजरं, पदवीदानाच्या नोंदवह्या, सभांची इतिवृत्तं यांना हात लावायचा नाही. पण कपाटं भरलेली असतात ती रजेच्या अर्जांनी, स्मरणपत्रांनी आणि एकाच परिपत्रकाच्या चाळीस झेरॉक्सनी. "राहू दे, लागेल कधीतरी," हे वाक्य मी प्रत्येक ऑफिसात ऐकलंय. त्यांचंही चुकत नाही. कागद ठेवला म्हणून कोणाला नोटीस येत नाही, फेकला म्हणून येते. "तुम्हीच बघून टाकून द्या" म्हणाले की आम्ही हात जोडतो. विद्यापीठात अभिलेखांचे अभिरक्षक, म्हणजे ते सांभाळायची जबाबदारी असलेले, कुलसचिव. नष्ट करायच्या यादीवर त्यांची सही झाल्याशिवाय आमचं श्रेडर सुरू होत नाही.

२०१० साली आम्ही सगळं सीडीवर दिलं होतं. पाच-सहा वर्षांनी चार सीड्या उघडेनात. दुसऱ्या प्रतीवरून काम भागलं, नाहीतर आम्ही कुठले इथवर यायला! आता दोन ठिकाणी दोन हार्ड डिस्क, आणि दर दिवाळीनंतर प्रत्येक फाइल उघडून बघायची. कंटाळवाणं काम आहे, त्याचं बिलही कोणी आनंदानं देत नाही.

गेल्या वर्षी १९८३ चं एक लेजर टेबलावर आलं. कण्याजवळची अक्षरं सपाट स्कॅनरवर येईनात. मुलं म्हणाली, "ताई, शिवण उसवून सुटी पानं घेऊ." आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तारीख होती, अक्षर बाबांचं. एका पानालाही कसर लागलेली नव्हती. शिवण तशीच ठेवली. वरून फोटो घेणारा स्कॅनर हप्त्यांवर घेतलाय, अजून अकरा हप्ते बाकी आहेत.