चौथ्या ट्रॅकमधला हरवलेला ‘जी’ सापडला

डब आणि ट्रान्सच्या एका संकलन-अल्बममधल्या चौथ्या ट्रॅकचा ‘जी’ हा खालचा सूर माझ्या खोलीत ऐकूच येत नव्हता. मागच्या दोन नोंदी सबच्या (खोल बेस वाजवणाऱ्या सबवूफरच्या) फेज नॉबमागे, म्हणजे लाट पुढेमागे सरकवणाऱ्या बटणामागे, वाया गेल्या. दोष तिथे नव्हताच.

चौथ्या ट्रॅकची बेसलाइन जी मायनरमध्ये फिरते. ४९ हर्ट्झचा ‘जी’, ५८ चा बी फ्लॅट, ६५ चा ‘सी’ आणि ७३ चा ‘डी’. वरचे तिघे ठणठणीत, आणि चाल ज्या सुरावर समेला येते तो ‘जी’च गायब. खोलीवर आळ घेण्याआधी एक खातरजमा हवी, कारण डबमध्ये (रेगेतून निघालेला, मिक्सिंग डेस्कवर घडवलेला संगीतप्रकार) बेस मुद्दामही काढून घेतात. डबचा जमैकन प्रवर्तक किंग टबी याच्या मिक्सिंग डेस्कवरचा पायरीपायरीने सरकणारा हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) ही या संगीताची जुनी खोड, आणि प्रयोगवाले ती अजून सोडत नाहीत. तोच भाग हेडफोनवर लावला तर ‘जी’ भरभक्कम. म्हणजे खोलीच दोषी.

रूम ईक्यू विझार्ड या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये यूमिक-१ हा मोजणीचा माइक लावून २० ते २०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घेतला, आलेख गुळगुळीत करणारं स्मूदिंग बंद ठेवून. (फोनचा माइक या पट्टीत विश्वासाचा नाही. यूमिकची कॅलिब्रेशन फाइल लोड करायला मात्र विसरू नका.) ४९ ला सरळ विहीर, आजूबाजूपेक्षा १४ डीबी खोल. खोली ४.२ × ३.१ × २.८ मीटर, खुर्ची मागच्या भिंतीपासून १.७५ मीटरवर. आता ३४३ भागिले (४ × १.७५) करा : बरोबर ४९. भिंतीवर आपटून परतणारी लाट जाऊन-येऊन साडेतीन मीटर जास्त चालते, म्हणजे अर्धी तरंगलांबी. कानाशी ती उलटी पोचते आणि मूळ लाटेला खाऊन टाकते. फेज नॉब फिरवून काही होईना ते यामुळेच. सबमधून निघालेल्या दोन्ही लाटा सारख्याच फिरतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

ईक्यूने (ठरावीक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करून) विहीर बुजवायचा मोह आवरा. १२ डीबी वाढवायचे म्हणजे सबकडून सोळापट पॉवर मागायची. कोन थकतो आणि खुर्ची सोडून इतरत्र तोच सूर घुमायला लागतो. ५ सेंटिमीटरचा फोम ‘बेस ट्रॅप’ म्हणून विकणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. ४९ हर्ट्झची पाव तरंगलांबीच पावणेदोन मीटर भरते.

उपाय फुकटचा निघाला. खुर्ची ६५ सेंटिमीटर मागे, भिंतीपासून १.१ मीटरवर. विहीर ७८ हर्ट्झवर सरकली, तिथे या ट्रॅकचा एकही सूर नाही. तिच्या काठावरचा ‘डी’ ३ डीबी बसला, तेवढं चालतं. (१.३ मीटर घेऊ नका. विहीर ६६ वर येते आणि ‘सी’ बुडतो.) ‘जी’ परत आला तेव्हा स्प्रिंग रिव्हर्बच्या (स्प्रिंगमधून काढलेल्या घुमाऱ्याच्या) शेपटीखाली तो किती वेळ टिकून राहतो हे पहिल्यांदा कळलं.

आनंद नवव्या ट्रॅकपर्यंतच टिकला. १४० बीपीएमचा (मिनिटाला १४० ठोके) ट्रान्स, किक ड्रमच्या ठोक्यामागे सोळाव्या हिश्श्याचे तीन बेस, आणि बेस ‘ई’वर, म्हणजे ४१ हर्ट्झ. ४.२ मीटर लांबीचा पहिला मोड (खोली स्वतःहून घुमते तो सूर) नेमका ४१ चा. जुनी जागा खोलीच्या मध्याजवळ होती, तिथे तो मोड जवळजवळ शांत असतो. मागे सरकल्यावर ८ डीबी वर आला. त्यात या वेगाला बेसच्या एका ठोक्याला १०७ मिलिसेकंद मिळतात, ४१ हर्ट्झची जेमतेम चार आवर्तनं. मागची घुमघुम विरायच्या आत पुढचा ठोका, सगळा पिठलं-भात.

इथे मात्र ईक्यू कामाचा. शिखर कापलं की घुमणंही आटोपतं. ४१ वर उणे ७ डीबी, क्यू ५ (म्हणजे अरुंद काप), फक्त सबला. सूर किती वेळात विरतो ते दाखवणाऱ्या वॉटरफॉल आलेखात शेपटी आखूड झाली, तिन्ही बेस सुटे ऐकू येतात.

आवाजाच्या पातळीचं थोडक्यात : डब ट्रॅक उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आसपास, ट्रान्स उणे ८. रिप्लेगेन (प्लेअरमधली आवाज समान करणारी सोय) ट्रॅकवर ठेवला तर पाचव्या डब आणि सहाव्या ट्रान्स ट्रॅकच्या जोडावर पायरी ऐकू येते, म्हणून अल्बम गेन, म्हणजे सगळ्या अल्बमला एकच बदल. फाइल फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावणारी) हवी. एमपी३ मध्ये एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी रिकामी जागा भरतो आणि सगळे प्लेअर ती काढत नाहीत. तो जोड बिघडवणं पाप आहे. ७० बीपीएमच्या डबचा आठव्या हिश्श्याचा डिले ४२९ मिलिसेकंदांचा, आणि पुढच्या १४० च्या किकचं अंतरही तेवढंच. विरत जाणाऱ्या एकोच्या पावलांवरच किक पाऊल ठेवते. संकलन करणाऱ्याचा कान!

हे लिहिता लिहिता सुचलं : मोड कापायचा कशाला, उठवूच नये. सब पुढच्या कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या मध्यावर, २.१ मीटरवर ठेवला, तर तो लांबीच्या पहिल्या मोडच्या शून्यावर बसतो. रुंदीचा ५५ चा मोड तिथून जोरात उठेल, पण खुर्ची रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे कानापर्यंत येणार नाही. सब कानापासून १.८४ मीटर आणि स्पीकर २.६६, म्हणून सबला २.४ मिलिसेकंद डिले. बाजूने आवाज येतोय हे कळू नये म्हणून क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यातली वाटणीची हद्द) ८० वरून ६० वर, साडेसहा इंची स्पीकरला तेवढं झेपतं. मग ४१ चा काप काढून दोन्ही ट्रॅक पुन्हा मोजायचे. नवव्या ट्रॅकचा वॉटरफॉल आणि चौथ्याचा ‘जी’ एकाच आलेखात टाकतो. सध्या घोडं अडलंय ५ मीटरच्या सब केबलवर.