डब्यावर उणे २०, तपासणी मात्र उबदार खोलीत : ट्रेल कॅमेरा घेतानाचा माझा अनुभव

डब्यावर स्पष्ट छापलं होतं : 'चालण्याचं तापमान उणे २० ते ६० अंश सेल्सिअस.' छापलेली ही एक ओळ कंपनीकडून मान्य करून घेण्यात माझा डिसेंबर गेला, जानेवारीचाही बराच भाग गेला. तो राग अजून उतरलेला नाही. थंड मुलुखात राहणारं आणि शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधून ठेवायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) घेणारं कुणी मराठी माणूस हे वाचत असेल, तर त्याचा हंगाम असा फुकट जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

आम्ही मिनेसोटात डुलुथला राहतो. उत्तरेला टॉवर नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या आसपास ओळखीच्या एका आजोबांची चाळीस एकर जंगलजमीन आहे आणि त्यांच्या परवानगीने नवरा आणि मी तिथे हरणाच्या शिकारीला जातो. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याकडे असा कॅमेरा म्हटलं की वाघांची गणनाच आठवते. इथे शिकार लायसन्सवर, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येतच होते आणि मिळालेलं मांस आम्ही वर्षभर खातो. कोणत्या वाटेने कोणतं जनावर कधी जातं, कोणत्या मादीबरोबर पाडसं आहेत, हे आधी कळलं तर नेमकं कुठे बसायचं आणि कशावर बंदूक उचलायची नाही, हे ठरवता येतं. कॅमेरा हवा तो एवढ्यासाठी. लायसन्स, सुरक्षिततेचा कोर्स, नारिंगी जॅकेटं हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

टॉवरची थंडी म्हणजे काय ते सांगते. २ फेब्रुवारी १९९६ ला तिथे उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. राज्याचा तो आजवरचा नीचांक आहे. तसा दिवस रोज येत नाही, पण डिसेंबरात पारा उणे २० च्या खाली उतरलेल्या रात्री इथे कुणाला नवीन नाहीत. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो, तेव्हा बहुतेक कॅमेरे चालतात. खरी परीक्षा त्यानंतर. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो आणि तिरंदाजी ३१ डिसेंबरपर्यंत चालते. आमचा कॅमेरा बरोबर याच दिवसांत गप्प झाला.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आम्ही सप्टेंबरात घेतले होते. दोन्ही मोबाइल नेटवर्कवरून फोटो पाठवणारे. मेगापिक्सेलच्या आकड्याकडे मी पाहिलंच नाही, कारण आत सेन्सर छोटाच असतो आणि मोठा आकडा बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. मी पाहिलं ते हे : हालचाल दिसल्यावर किती लवकर फोटो निघतो, एक फोटो काढून पुढच्यासाठी किती वेळात तयार होतो, आणि तापमानाची खालची मर्यादा. रात्रीच्या इन्फ्रारेड फ्लॅशचे, त्याच्या उजेडाच्या तरंगलांबीनुसार, दोन प्रकार मिळतात. ८५० नॅनोमीटरचा लांबवर उजेड टाकतो, पण त्याचे दिवे अंधारात मंद लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचा डोळ्यांना दिसत नाही, पण पल्ला कमी. आम्ही वाटेपासून जवळच लावणार होतो, म्हणून ९४० घेतला. बर्फ पडल्यावर त्याचा आणखी एक फायदा कळला. जवळच्या बर्फावरून जोरदार फ्लॅश परत येतो आणि हरीण पांढरं फटक होऊन जातं. कमी ताकदीच्या फ्लॅशला हा त्रास कमी.

सेल पहिल्या दिवसापासून लिथियमचेच घातले. आजोबांनी तसं बजावलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये पाण्यातलं रसायन असतं. थंडीत त्यातली क्रिया मंदावते, आणि फ्लॅशसाठी एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं. चार्ज होणारे निकेलचे सेल मुळात १.२ व्होल्टचे, आठ एकामागे एक लावले तरी १२ च्या जागी ९.६ च भरतात, आणि काही कॅमेरे तेवढ्यावर कुरकुरतात. न चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल उणे ४० पर्यंत चालतात, तसं पाकिटावरच लिहिलेलं असतं. महाग आहेत, पण इथे दुसरा पर्याय नाही. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे चार्ज होणारे सेलही बाजारात आहेत, ते चुकूनही घालू नका, कॅमेरा जळेल. आणि लिथियमवर बॅटरीचा टक्का बघत बसू नका. तो शेवटपर्यंत भरलेलाच दाखवतो आणि मग एकदम संपतो.

तर, गप्प झालेला कॅमेरा. थंडीची पहिली मोठी लाट आली, पारा उणे १८ वर उतरला आणि टेकाडावरच्या कॅमेऱ्याचे फोटो बंद पडले. ओढ्याकाठचा दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा, तेच सेल, तेच नेटवर्क, व्यवस्थित पाठवत होता. आम्ही गुडघाभर बर्फातून जाऊन टेकाडावरचा कॅमेरा काढून आणला. घरी दोन तास ठेवल्यावर तो सुरू झाला. कार्डवर अर्धवट काळे फोटो होते आणि तारीख आपोआप १ जानेवारीवर गेली होती. म्हणजे थंडीत तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. माझ्या मते हा सरळसरळ वॉरंटीचा मामला होता.

कस्टमर केअरचा फॉर्म उघडला. तक्रारीच्या यादीत पर्याय होते : सुरू होत नाही, फोटो नीट येत नाहीत, सिग्नल नाही, तुटफूट, इतर. शिकारीसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या तक्रारीच्या यादीत थंडी हा शब्दच नाही! 'इतर' निवडलं तर तीन ओळींची जागा. मी त्यात जमेल तेवढं लिहिलं. उत्तर आलं की सॉफ्टवेअर अपडेट करा. केलं. मग, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तेही केलं. मग, सेलचा फोटो पाठवा, पावती पाठवा, सिरीयल नंबर पाठवा. पाठवलं. मग नवीन व्यक्ती आली आणि तिने पुन्हा सॉफ्टवेअर अपडेटपासून सुरुवात केली. प्रत्येक उत्तराच्या मध्ये दिवस जात होते आणि तिकडे हंगाम संपत होता.

शेवटी त्यांनी कॅमेरा मागवून घेतला. पाठवण्याचा खर्च आमचा. बऱ्याच दिवसांनी पार्सल परत आलं, तर आत तोच कॅमेरा आणि एक चिठ्ठी : 'दोष आढळला नाही.' मी फोन केला.

"तपासणी कोणत्या तापमानाला केली?"

"मॅडम, आमच्या तपासणी केंद्रात."

"केंद्रात तापमान किती होतं?"

"खोलीचं तापमान, मॅडम."

उबदार खोलीत तो चालतो हे मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं. तक्रार उणे १८ ची, तपासणी स्वेटरसुद्धा लागणार नाही अशा खोलीत, आणि वर लेखी निकाल की दोष नाही. पुढे त्यांनी 'हवामानामुळे झालेलं नुकसान' वॉरंटीत बसत नाही हे कलम काढलं. ते वाचून मला खरोखर संताप आला. उणे २० पर्यंत चालतो असं छापून विकायचं आणि त्या मर्यादेच्या आतली थंडी पडली तर तिला नुकसान म्हणायचं, हे मी मान्य करणार नव्हते.

तेव्हा तळघरातल्या डीप फ्रीझरची आठवण झाली. घरगुती फ्रीझर शून्य फॅरनहाइटला लावलेला असतो, म्हणजे उणे १८ सेल्सिअस. कंपनीने लिहिलेल्या मर्यादेपेक्षा दोन अंश उबदारच. मी मटार आणि खवलेल्या नारळाच्या पिशव्या एका बाजूला सारून दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत नवे लिथियम सेल. फ्रीझरच्या पत्र्यातून सिग्नल जात नाही, म्हणून फोटो पाठवणं बंद केलं आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो कार्डवर घ्यायला लावलं. समोर दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर. झाकण लावलं आणि रात्रभर उघडलं नाही.

सकाळी ओढ्याकाठच्या कॅमेऱ्यात तासाला बारा या हिशेबाने सगळे फोटो होते आणि प्रत्येकात थर्मामीटरचा काटा दिसत होता. तक्रारीचा कॅमेरा काही तासांतच अडखळला होता, तारीख पुन्हा १ जानेवारी, नंतर काहीच नाही. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. दोन्ही कार्डांवरचे फोटो, थर्मामीटर, डब्यावरची ती ओळ, सगळं एका मेलमध्ये घालून पाठवलं आणि वरच्या अधिकाऱ्याकडे देण्याची मागणी केली. यावेळी उत्तर लगेच आलं. नवीन कॅमेरा मिळाला, पार्सलचा खर्चही परत मिळाला. बदलून आलेला मी आधी फ्रीझरमध्येच ठेवला. तो पास झाला, मगच टेकाडावर गेला.

एक महत्त्वाचं राहिलं. फ्रीझरमधून किंवा जंगलातून थंडगार कॅमेरा घरात आणताना आधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि पूर्ण उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर घरातल्या हवेतलं बाष्प भिंगावर आणि आतल्या बोर्डावर धरतं. कार्ड पाहण्याची कितीही घाई असली तरी थांबा. कार्डाचंही तापमान वाचून घ्या, उणे २५ पर्यंतची सहज मिळतात.

ही फ्रीझरची चाचणी दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत करा. सप्टेंबरात घेतलेली वस्तू नोव्हेंबरात बिघडली की दुकान हात वर करतं आणि तुम्ही वॉरंटीच्या चक्रात अडकता. महिनाभराच्या आत तीच वस्तू काउंटरवर बदलून मिळाली असती. भपकेबाज जाहिरातींपेक्षा ही एक रात्र जास्त सांगते.

लावताना तोंड उत्तरेकडे करा, इथे हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला खाली असतो आणि भिंगात घुसतो. बर्फ साचत जाणार हे धरून उंची ठेवा. फोटो दिवसातून दोनदाच पाठवायला लावा, प्रत्येक वेळी नेटवर्क शोधण्यात सेल जातात. सोलर पॅनलवर डिसेंबरात भिस्त ठेवू नका, दिवस छोटा आणि पॅनलवर बर्फ. बाहेरची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेणार असाल तर ती शून्याखाली चार्ज करायची नसते, घरी आणूनच करा. राज्याचे नियमही बघा. ॲरिझोनात २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी आहे.

आणि तक्रार करावीच लागली तर पहिल्याच मेलमध्ये हे तीन मुद्दे घाला, मी ते शेवटी घातले : कॅमेरा तुमच्याच डब्यावर छापलेल्या मर्यादेत, उणे १८ अंशांवर बंद पडतो, उबदार खोलीत तो चालतो याबद्दल वाद नाही, तपासणी उणे १८ ला करावी आणि ते तापमान लेखी कळवावं. सोबत थर्मामीटर दिसणारे फोटो जोडा.