निजलेल्या आईकडे चालत

तुळजापूरची आश्विन पौर्णिमेची पायी वारी काढायची तर आधी तिथी नीट पाहावी. कोजागरी धरतात ती रात्रीच्या पौर्णिमेवर. मंदिराची पौर्णिमा म्हणजे ज्या पहाटे आई तुळजाभवानी निद्रेच्या पलंगावरून उठून सिंहासनावर बसते ती. कित्येक वर्षी या दोन्हींत एका दिवसाचा फरक पडतो. नुसती दिनदर्शिकेतली कोजागरी बघून निघालेली माणसं मग दिवसभर आधी पोचतात आणि सुजलेले पाय घेऊन ओट्यावर बसून राहतात. आम्ही तिथी पुजाऱ्यांकडून पक्की करून घेतो आणि तिथून वेळ मागे मोजत येतो.

आम्ही मराठवाड्यातले, तरी वारी धरतो सोलापूरच्या रूपाभवानी मंदिरापासून. तिथे नारळ ठेवून पाय उचलायचा, ही रीत. पुढे सुमारे ४५ किलोमीटर. ताशी चार किलोमीटरची चाल धरली तर चालण्याचेच अकरा-साडेअकरा तास होतात, थांबण्याचे तीन-चार वेगळे. दुपारी दोनला निघण्याची चूक पुष्कळजण करतात. आश्विनातलं ऊन सोसवत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवसभर तापलेलं डांबर अंधार पडल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतं. अनवाणी चालणाऱ्याचे तळवे पहिल्या दहा किलोमीटरांतच हुळहुळे होतात आणि मग सगळी रात्र त्या तळव्यांवर काढावी लागते. दिवेलागणीला निघावं, सकाळी घाट चढावा.

आपण चालत असतो तेव्हा आई निजलेली असते. ही गोष्ट माहीत असली की सगळी वाटच वेगळी होते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते, आणि वर्षातून तीनदा ती निद्रेसाठी पलंगावर जाते. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा. पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. आणि दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, नऊ दिवस महिषासुराशी झुंजून आलेला शीण घालवायची. दसऱ्याचं सीमोल्लंघन उजाडायच्या आत होतं. मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती १०८ साड्या गुंडाळून दिंड बांधतात, मग पालखीतून मंदिराभोवती प्रदक्षिणा. या पालखीचा मान नगरजवळच्या बुऱ्हाणनगरचा. प्रदक्षिणा झाली की आई पलंगावर. तेव्हापासून पंचामृताचे अभिषेक बंद. हे ठाऊक नसलेले लोक त्या दिवसांत अभिषेकाची पावती मागतात आणि नाराज होतात. निजलेल्या आईला कोण उठवणार?

उळे मागे पडलं की चालीला लय येते. तामलवाडीपाशी धाराशिव जिल्हा लागतो, आमचा मराठवाडा. "आई राजा उदो उदो", "सदानंदीचा उदो उदो" हा गजर इथून थांबत नाही. कुठे आराध्यांचा, म्हणजे देवीची गाणी गाणाऱ्या भक्तांचा मेळा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कुठे संबळ, कुठे पेटता पोत घेतलेली म्हातारी आमच्यापेक्षा पुढे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चहा, केळी, पोहे, मसाला दूध, सगळं फुकट आणि हात धरून आग्रहाने. देणाऱ्याचा भाव मोठा असतो. तरी मी सांगेन, रात्री दूध घेऊ नये. चालत्या पोटाला ते जड जातं आणि त्या गर्दीत आडोसा मिळत नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट प्यावं.

फोड येतात ते बोटांच्या मागच्या गादीवर आणि टाचेच्या कडेला. घर्षण आणि ओल, ही दोन कारणं. निघताना खोबरेल चोळून वर सुती मोजे घालावेत, एक कोरडा जोड पिशवीत ठेवावा आणि तो निम्म्या वाटेवर बदलावा. नवी चप्पल तर नकोच. फोड बाभळीच्या काट्याने फोडायची जुनी खोड आहे, ती सोडावी. धूळ आत गेली की दोन दिवसांत पाय भरतो. चिकटपट्टी लावावी आणि चालत राहावं. सांगवी-माळुंब्र्याच्या पट्ट्यात पहाटेची झोप अनावर होते. तिथे दहा मिनिटं उभ्याने टेकावं. आडवं झालं की पोटऱ्या आखडतात आणि उठवत नाही.

सिंदफळ सोडलं की बालाघाटाचा चढ. पावलं आखूड टाकावीत. घाटावरच घाटशिळ आहे. सीतेला शोधत निघालेल्या रामाला देवीने सीतेचं रूप घेऊन याच शिळेवरून लंकेची वाट दाखवली, आणि रामाने ओळखून विचारलं, "तू का आई?" त्यावरून तुकाई, अशी कथा सांगतात. दमलेली माणसं ही जागा टाळून सरळ गावात शिरतात, याचं वाईट वाटतं. वाट दाखवणारीचं ठाणं वाटेवरच असताना दोन मिनिटं थांबायलाच हवं.

गावात आल्यावर शिखर दिसत नाही म्हणून नवखा गोंधळतो. मंदिर डोंगरउतारावर, रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे. महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतराव्या लागतात, आणि रात्रभर चाललेल्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त लागतो. ओल्या दगडावर पाय आडवा टाकावा. वाटेत कल्लोळ तीर्थ. देवीने हाक दिली तशी सगळी तीर्थं कल्लोळ करत इथे धावून आली, म्हणून हे नाव. पायाला उघडी जखम असेल तर कुंडात उतरू नये, गोमुखाच्या धारेखाली पाय धुवावेत. मग सिद्धिविनायक, आणि निंबाळकर दरवाजातून हेमाडपंती मंदिराच्या आवारात.

पौर्णिमेला रांग कित्येक तासांची असते. अंगात त्राण नसेल तर मुखदर्शन किंवा कळसाचं दर्शन घेऊन परतावं. त्यात काही कमी नाही, पिढ्यान् पिढ्या लोक तसं करत आले. पण गाभाऱ्यापर्यंत गेलात तर नुसतं हात जोडून पुढे सरकू नका. काळ्या पाषाणाची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी, उजवा पाय दैत्यावर. अलंकार आणि वस्त्रांमुळे एक खूण सहसा दिसत नाही: तिच्या डाव्या अंगाला उलटी होऊन तप करणारी अनुभूती कोरलेली आहे. ही कर्दम ऋषींची पत्नी. पती गेल्यावर ती मंदाकिनीकाठी तपाला बसली, कुकुर दैत्याने तिला छळलं, आणि हाक ऐकून देवी त्वरित आली. त्वरिता, तुरजा, तुळजा असा नावाचा प्रवास सांगतात. माझ्या मते सगळं तुळजापूर त्या "त्वरित"मध्ये आहे.

भोसल्यांची ही कुलदेवता. १६५९ च्या अफजलखानाच्या स्वारीत तुळजापूरला उपद्रव झाला आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानी स्थापली. महाराज मोहिमेआधी मंदिरामागच्या चिंतामणीला कौल लावत, असं मानतात. हा गोल दगड. त्यावर दोन्ही हात हलके टेकवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. बोटांनी जोर देणाऱ्याचा कौल खरा धरत नाहीत.

ओटीत साडी-खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ. मळवट भरून घ्यावा. लगेच गाडी पकडू नये. दुपारभर पाय उंच ठेवून झोपावं, कारण रात्री छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक निघते आणि सोलापूरहून आलेल्या मानाच्या काठ्या आईसमोर नाचतात. महाद्वाराकडची बाजू आधीच भरते, म्हणून आम्ही दिवे लागायच्या आत आवारात जाऊन बसतो.