वाईट बातमी वेळेत पोहोचावी म्हणून

न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तयार करण्याचे काम आमचे महापे येथील कार्यालय करते, आणि तेथील अकरा जणांच्या एका गटाची जबाबदारी गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. आमच्या कामात कट-ऑफ ही एकच वेळ खरी असते. त्या वेळेच्या आत कंटेनर कागदांसह टर्मिनलच्या आत गेला नाही, तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही. कंटेनर मागे राहतो आणि त्याला आम्ही ‘शट आउट’ म्हणतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमचा असाच एक कंटेनर शट आउट झाला. पुढचे जहाज आठवड्याने होते आणि त्या आठवड्यात ग्राहकाचे जे फोन आले, त्यांचे वर्णन येथे न केलेलेच बरे.

कारण अगदी साधे होते. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा अर्ज, कस्टम्सकडे दाखल करण्यापूर्वी त्याचा मसुदा निर्यातदाराकडे तपासणीसाठी जातो आणि या मसुद्यालाच आमच्या धंद्यात ‘चेकलिस्ट’ म्हणतात. इन्व्हॉइसमधील वजन आणि पॅकिंग लिस्टमधील वजन जुळत नाही, हे आमच्या एका तरुण सहकाऱ्याच्या सोमवारी दुपारीच लक्षात आले होते. निर्यातदाराच्या कार्यालयात कोणी फोन उचलत नव्हते. त्याने सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारचा सगळा दिवस स्वतःच धडपड केली आणि मला मंगळवारी संध्याकाळी सातला सांगितले, तेव्हा हातात काहीच उरले नव्हते. ‘सोमवारीच का नाही सांगितलेस?’ असे मी जरा चढ्या आवाजात विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, अडचण घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या, असे तुम्हीच सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितले होते.’

हे वाक्य मी खरोखरच बोलले होते. कुठल्याशा प्रशिक्षणात ते ऐकले होते आणि ते मला फार रुबाबदार वाटले होते. त्या दिवसापासून ते मी टाकून दिले, कारण ज्या अडचणीचे उत्तर कनिष्ठ माणसाकडे असते ती तो तशीही सोडवतोच. माझ्यापर्यंत यायला हवी ती नेमकी उत्तर नसलेली अडचण, आणि या वाक्याने तिचीच वाट अडते. नेतृत्व या शब्दाभोवती खूप मोठमोठे बोलले जाते. माझ्यापुरती मी त्याची व्याप्ती लहान करून घेतली आहे: वाईट बातमी माझ्यापर्यंत किती तासांत पोहोचते, एवढेच मी मोजते. नवे साधन वापरायचे की सोडायचे, हेही मी आता याच कसोटीवर ठरवते.

या विचाराचे मूळ मला कापड विणण्याच्या मागाच्या गोष्टीत सापडले. जपानचे साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागात ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबत असे. आमच्या ठाणे जिल्ह्यातील वाचकांना यातले मर्म वेगळे समजावायला नको. भिवंडीत ज्यांनी यंत्रमाग पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की, अशी सोय नसेल तर तुटलेल्या धाग्यासह माग खडखडत राहतो आणि कारागिराची नजर तिकडे जाईपर्यंत कापडात दोष विणला जातो. पुढे याच घराण्याच्या टोयोटा कंपनीच्या मोटारींच्या कारखान्यात हाच विचार दोरीच्या रूपाने आला. काही चुकते आहे असे दिसताच कामगाराने डोक्यावरची दोरी ओढायची, दिवा लागतो आणि त्या गटाचा प्रमुख त्याच्यापाशी येतो. लाइन लगेच थांबत नाही; ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला तर ती चालूच राहते, नाही सुटला तरच थांबते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, दोरी ओढणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. दोरी ओढणे हेच त्याचे काम, आणि धावत जाणे हे प्रमुखाचे.

आमच्याकडे ही दोरी म्हणजे गूगल शीट्समधील एक साधा तक्ता आहे. प्रत्येक कंटेनरला एक ओळ, आणि बुकिंग क्रमांक, कट-ऑफची तारीख व वेळ, व्हीजीएम म्हणजे कंटेनरचे प्रमाणित वजन, चेकलिस्टची मंजुरी, शिपिंग बिलाचा क्रमांक असे रकाने. आधी आम्ही शेवटी ‘स्थिती’ नावाचा रकाना ठेवला होता आणि त्यात प्रत्येकाने हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा होता. तो प्रयोग फसला. माणूस स्वतःच्या कामाला स्वतःच्या हाताने लाल रंग देत नाही. तो शेवटच्या तासापर्यंत पिवळ्यावर भागवतो. मग रंग देण्याचे काम माणसाकडून काढून कंडिशनल फॉरमॅटिंगकडे, म्हणजे ठरलेल्या अटीनुसार आपोआप रंग देणाऱ्या सोयीकडे सोपवले. नियम एकच: कट-ऑफला छत्तीस तासांहून कमी वेळ उरला असेल आणि मंजुरीचा रकाना रिकामा असेल, तर ती ओळ आपोआप नारिंगी होते. शीट्समध्ये तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवली जाते, त्यामुळे छत्तीस तास म्हणजे दीड. कट-ऑफमधून आत्ताची वेळ वजा करायची आणि उत्तर दीडपेक्षा कमी आहे का ते पाहायचे, एवढेच सूत्र आहे. कट-ऑफ भरायचाच राहून गेला तरीही ओळ नारिंगी होते, कारण रिकामा रकाना शून्य धरला जातो. हे आम्ही योजले नव्हते, पण त्याचा उपयोग फार झाला.

येथे एका खड्ड्याचा इशारा देणे आवश्यक आहे. ईमेलमधून उचलून चिकटवलेली तारीख पुष्कळदा तारीख नसतेच, ती नुसती अक्षरे असतात. मग सूत्र चालत नाही, ओळ पांढरीच राहते आणि पांढऱ्या ओळीकडे कोणी पाहत नाही. ओळखण्याची खूण अशी की, खरी तारीख रकान्यात उजवीकडे सरकून बसते आणि अक्षरे डावीकडे. सकाळी चहा यायच्या आत तो रकाना वरून खालपर्यंत नजरेखालून घालण्याचे काम आता आमच्याकडे पाळीपाळीने होते.

यंत्राने रंग दिल्याने एक अवघडलेपण गेले. कोणी कोणाची तक्रार केली, असे उरले नाही. गेल्या मार्चमध्ये एक ओळ नारिंगी झाली, तेव्हा मी मीटिंगमध्ये विचारले की ही कोणाची. काही क्षण कोणी बोलेना, आणि मग महिन्याभरापूर्वी रुजू झालेली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, ती तुमचीच आहे.’ ती माझीच होती. त्या मुलीने हे सर्वांदेखत सांगितले, याचा मला जो आनंद झाला तो मी त्या वेळी चेहऱ्यावर दाखवायला हवा होता. मला फक्त लाज वाटत होती.

तक्त्यात कोणी केव्हा काय बदलले हे व्हर्जन हिस्टरीत दिसते, आणि एखाद्या चौकटीवर उजवे बटण दाबून त्या एकाच चौकटीचा इतिहासही काढता येतो. हे साधन पोलिसासारखे वापरायचे नाही, असे मी आरंभीच जाहीर केले. ज्या दिवशी मी त्यातून एखाद्याची चूक काढून त्याला सर्वांसमोर विचारीन, त्या दिवशी तक्ता पुन्हा खोटा बोलू लागेल.

दुसरे साधन भाषेशी संबंधित आहे. आमची तिघे माणसे बंदराच्या बाजूला यार्डात असतात, उरण-पनवेल पट्ट्यातील आहेत आणि कामात तरबेज आहेत. त्यांनी इंग्रजीत कळवावे अशी कार्यालयाची जुनी रीत होती आणि त्यामुळे त्यांच्याकडून दिवसभर एकच शब्द येत असे: ‘पेंडिंग’. का पेंडिंग, कोणाकडे पेंडिंग, हे इंग्रजीत टाइप करण्याचा कंटाळा कोणालाही येईल, तोही उन्हात उभे राहून. गूगलच्या कीबोर्डात मराठीतून बोलून लिहिण्याची सोय २०१७ सालापासून आहे. आम्हाला ती वापरायला इतकी वर्षे लागली, हे मान्य करते. आता संदेश येतो तो असा: ‘गाडी करळ फाट्याला अडकली आहे, ड्रायव्हरकडे फॉर्म १३ ची प्रिंट नाही, कोणीतरी त्याला लगेच पाठवा.’ या एका वाक्यात अडचण आहे (फॉर्म १३ म्हणजे कंटेनर बंदरात आत नेण्याचा परवाना), जागा आहे आणि माझ्यासाठी कामही आहे. बोलून लिहिताना आकडे हमखास चुकतात, म्हणून कंटेनरचा क्रमांक मात्र फोटो काढूनच पाठवायचा, हा नियम ठेवला आहे.

याच संदेशाचे परदेशातील एजंटसाठी इंग्रजी पत्र करायला आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट वापरतो. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण एकदा ‘कंटेनर या जहाजावर चढणार नाही’ या वाक्याचे त्याने ‘थोडा विलंब संभवतो’ अशा अर्थाचे गुळगुळीत इंग्रजी करून दिले आणि आमच्या माणसाने ते तसेच धाडले. एजंट निर्धास्त राहिला. भाषा सौम्य करण्याची ही सवय माणसालाही असतेच, पण यंत्र ते इतक्या सफाईने करते की वाईट बातमी वाटेतच विरघळते. म्हणून आता पत्राचे पहिले वाक्य माणसाने स्वतः लिहायचे. बाकीचे सजवणे यंत्राने करावे. ग्राहकाचे नाव, मालाची किंमत, कोणाचा फोन नंबर यांतले काहीही तेथे चिकटवायचे नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आहे आणि धंद्यातील विश्वास तर त्याहून जुना आहे. मालाचा आठ आकडी एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक, हाही चॅटबॉटला विचारू नये. तो अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचा कोड सांगतो, आणि दंड भरण्याची वेळ येते तेव्हा तो आत्मविश्वास आपल्या कामाला येत नाही.

ईमेल नंतरच्या वेळेला पाठवण्याची सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे. तिचा नेतृत्वाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मला रात्री अकराला सुचते आणि मी पूर्वी अकरालाच पाठवीत असे. उत्तराची अपेक्षा नाही, असे मी सांगितलेही होते. तरी लोक रात्री साडेअकराला उत्तरे देत, आणि ती सर्व ‘हो, झाले’ अशी असत. झोपेत असलेला माणूस विषय मिटवण्यासाठी उत्तर देतो. आता माझे पत्र सकाळी सव्वानऊला निघते.

कामाच्या याद्यांची ॲप्स मी पाच-सहा वापरली आणि सोडली. पंचवीस मिनिटे एकाच कामाला देण्याच्या घड्याळाचेही तेच झाले, कारण आमच्याकडे फोन पंचवीस मिनिटे थांबत नाही. विंडोज आणि व्ही ही दोन बटणे एकत्र दाबून ही सोय एकदा चालू केली की, पुढे तीच बटणे दाबल्यावर त्यानंतर कॉपी केलेल्या पंचवीसपर्यंत गोष्टी समोर येतात, हे मात्र ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आजच करून पाहावे. या सोयीचा माझ्या विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडलेली ‘प्रीमॉर्टेम’ ही पद्धत आम्ही मार्चअखेरच्या गर्दीपूर्वी करतो. काम सुरू होण्याआधीच ते फसले आहे असे धरायचे आणि का फसले ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचे. ‘काय चुकू शकेल?’ असे विचारले की लोक शिष्टाचार म्हणून एखाददुसरी शंका काढतात. ‘चुकले आहे, कारण सांगा’ म्हटले की तीच माणसे भरभरून लिहितात, कारण आता शंका काढणारा अपशकुनी ठरत नाही. आपल्याकडे शुभकार्यापूर्वी वाईट बोलू नये हा संस्कार इतका खोल आहे की, ही सवलत मुद्दाम द्यावीच लागते. मी सर्वांना चिठ्ठ्या देते, दहा मिनिटे कोणी बोलत नाही आणि सर्वांत नवख्या माणसाची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली जाते. गेल्या वेळी अशाच एका चिठ्ठीत लिहिले होते की, कागदपत्रे दाखल करताना लागणाऱ्या डिजिटल सहीचे टोकन एकाच व्यक्तीकडे आहे आणि त्याच्या बहिणीचे लग्न २८ मार्चला आहे. लग्नाची पत्रिका आम्हा सर्वांकडे आली होती. दुसऱ्या सहीची व्यवस्था त्याच आठवड्यात झाली.

इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे एकेकाळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचा आग्रह असे की, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांची दोघांतली बैठक ही कनिष्ठाची बैठक असते. विषय त्याने आणावेत आणि वरिष्ठाने ऐकावे. कार्यालयातील काचेच्या खोलीत मला ते कधी जमले नाही. समोरासमोर बसले की चौकशी चालू असल्यासारखे वाटते. घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत शेजारी उभे राहून मात्र लोक बोलतात. ऐरोली गेले की खिडकीबाहेर बघत एखादा सांगतो की अमुक ग्राहकाचे काम त्याला झेपत नाही. दिघा गाव स्थानक झाल्यापासून या बैठकीला दोन मिनिटे जास्त मिळतात.

एक गाठ अजून सुटलेली नाही. आमची दोरी कार्यालयाच्या भिंतीपाशी संपते. निर्यातदाराच्या कारखान्यात वजनकाटा बंद पडला तर ते आम्हाला आजही उशिरा कळते. दोन ग्राहकांना त्यांच्या ओळी पाहता याव्यात, असे पुढच्या महिन्यात करून पाहायचे ठरवले आहे. तक्त्यातील बाकीची पाने नुसती लपवून फाइल देणे धोक्याचे आहे, कारण फाइलची प्रत काढणाऱ्याला ती उघडता येतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाची वेगळी फाइल करून तिच्यात फक्त त्याच्याच ओळी ओढून घेण्याचे सूत्र सध्या जुळवते आहे. त्या फाइलीत एकच रकाना ग्राहकाला लिहिण्यासाठी मोकळा राहील, आणि त्याला ‘कशावर अडले आहे’ असे नाव दिले आहे.