फालसा, सिकेटर आणि स्कॉटलंडचा सल्ला

प्रतापनगरच्या आमच्या अंगणात फालशाचं, म्हणजे बोराहून लहान, आंबटगोड जांभळ्या फळांच्या झुडपाचं, रोप लावलं ते २०१९ च्या पावसाळ्यात. माती काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घातलं. पुढे फारसे लाड केले नाहीत. नागपूरचा ४५ अंशांचा मे आपल्याला सोसवत नाही, फालशाला मात्र मानवतो. तिसऱ्या वर्षी झुडूप डोक्यावर गेलं आणि माझी फजिती सुरू झाली.

भाचा स्कॉटलंडात असतो, त्याच्या परसात ब्लॅककरंटची (छोट्या काळ्या आंबट फळांची) झुडपं आहेत. फोनवर म्हणाला, "मावशी, सोप्पं आहे. हिवाळ्यात सगळ्यात जुन्या फांद्या जमिनीलगत काप, साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना हात लावू नकोस."

तसंच केलं. एप्रिलमध्ये फळं धरली, पण राहिलेल्या फांद्यांच्या पार शेंड्याला. खाली मी स्टुलावर हात उंचावून उभी आणि वर बुलबुल निवांत जेवताहेत.

आमच्याकडे येणारे माळीकाका ते बघून हसले. "कोनं सांगतलं ताई तुम्हाले? फालसा नव्या फुटीवर येते. कंबरेएवढं ठेवा, बाकी सारं कापा. भेता कायले जी?"

गोम इथेच होती. ब्लॅककरंट मुख्यतः गेल्या वर्षीच्या फांदीवर फळतो. फालशाला फुलं लागतात ती यंदाच्या कोवळ्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. भाच्याचा सल्ला बरोबरच होता, झाड वेगळं होतं.

२०२३ च्या जानेवारीत धीर केला. आधी डिसेंबरभर पाणी तोडलं, संत्र्याच्या बागेला ताण देतात तसं. पानं गळून गेल्यावर सिकेटर (छाटणीची कात्री) घेतला आणि सगळ्या फांद्या तीन फुटांवर छाटल्या. काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून फूट येते त्या कोंबाच्या, किंचित वर, तिरका. अंगठ्याहून जाड कापांना बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. उरला तो उलटा खराटा. "जावळ काढलंस की काय?" इति यजमान. मलाही रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू! पण शेणखत आणि पाणी दिल्यावर तीनेक आठवड्यांत डोळे फुगले, मार्चमध्ये पिवळी फुलं आली.

छाटलेल्या फांद्या फेकवेनात. भाच्याकडे पेन्सिलीएवढ्या जाड काड्या हिवाळ्यात जमिनीत खोचल्या की मुळं धरतात, म्हणून मीही वीतवीतभर बारा काड्या खोचल्या. फेब्रुवारीअखेर सात-आठ काड्यांना पानं! गल्लीत दोघींना रोपं कबूलसुद्धा करून बसले. एप्रिलमध्ये पानं करपली. एक काडी उपटली, तर बुडाशी पांढरा धागाही नाही. काडीतल्या शिल्लक अन्नावर पानं फुटली होती, ते संपलं आणि खेळ खलास. बाराही गेल्या.

माळीकाका म्हणाले, पावसाळ्यापर्यंत थांबा. जुलैत खालच्या दोन फांद्या वाकवून दाब कलम केलं: पोटाकडची इंचभर साल खरवडली, तेवढा भाग मातीत पुरला, वर वीट ठेवली. शिवाय तीन गुट्या बांधल्या, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे मुळं फुटावीत म्हणून ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळलं. त्यातल्या दोन फसल्या, एकीत बहुधा मीच मॉस कोरडं पडू दिलं. ऑक्टोबरमध्ये विटा उचलून माती बोटांनी बाजूला केली, तर दोन्ही फांद्यांना सुतळीसारखी मुळं. कबूल केलेली रोपं एकदाची दिली.

आता एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी कटोरी घेऊन जावं लागतं, कारण घोस एकदम पिकत नाही. एकाच घोसात हिरवी, लाल आणि जांभळी फळं. जांभळी तेवढी काढायची. तीही टिकत नाहीत, संध्याकाळपर्यंत पिचतात. म्हणून दुपारीच काळं मीठ घालून सरबत.

यंदा छाटणीनंतरचा फोटो भाच्याला पाठवला. लगेच फोन. "मावशी, काय केलंस हे! माझ्या झुडपांना असं सरसकट कापलं तर त्या वर्षी एक फळ दिसणार नाही!"