ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात एसएमपीएसची पारख

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा सप्लाय, घ्यायला गेले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानांत पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ हाच असतो, आणि उत्तर खोक्यावर ठळक छापलेले असल्याने चौकशी बहुधा तिथेच संपते. हे वॅट किती तापमानाला मोजलेले आहेत, हे आपल्याकडे आधी विचारायला हवे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कॅबिनेटमधली हवा खोलीतल्या हवेपेक्षाही गरम असते. २५ अंशांना ४५० वॅट देणारा सप्लाय ५० अंशांना तेवढे देईलच असे नाही. म्हणूनच चांगले उत्पादक ४० किंवा ५० अंशांचा स्पष्ट उल्लेख करतात. तो कुठेच सापडला नाही, तर मी तो सप्लाय बाजूला ठेवतो.

‘८० प्लस’चे चिन्ह उपयोगाचे आहे, पण ते केवळ कार्यक्षमतेचे आहे आणि त्याची चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. ८५ टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय ३०० वॅट देताना भिंतीतून सुमारे ३५३ वॅट ओढतो. उरलेल्या ५३ वॅटची उष्णता त्याच्याच पेटीत तयार होते. व्होल्टेज किती स्थिर आहे, याबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही.

लेबलवर पाहायचा तो १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार याच लाइनवर असतो. तिथे २० अँपिअर लिहिले असतील तर ४५० वॅटच्या त्या सप्लायकडून खऱ्या कामाचे २४० वॅटच मिळणार.

दुकानात हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्याला चाचणी म्हणता येणार नाही; तेवढ्यावरून सप्लाय सुरू होतो इतकेच कळते. घरी मल्टिमीटरचा काळा प्रोब मोलेक्स या चार तारांच्या कनेक्टरच्या काळ्या तारेवर आणि लाल प्रोब १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ठेवून संगणक रिकामा असताना आकडा टिपावा, मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर अर्धा तास पूर्ण भार टाकून पुन्हा पाहावे, तेही भर दुपारी. एटीएक्स या संगणकाच्या सप्लायसाठीच्या मानकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, पण १२.१ वरून ११.५ वर घसरणारा सप्लाय मर्यादेत असूनही मला पटत नाही. मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांवर मी विसंबत नाही. झाकण मात्र उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक, वेगवान चढउतार, त्यात दिसत नाही. १२ व्होल्टवर त्याची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट आहे. ते पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो, म्हणून इथे चांगल्या प्रयोगशाळेचे अहवालच वाचावेत. त्याच अहवालात होल्ड-अप टाइम असतो, म्हणजे वीज गेल्यावर सप्लाय किती वेळ तग धरतो ते. एटीएक्सच्या जुन्या मानकात पूर्ण भारावर तो किमान १६ मिलिसेकंद सांगितला आहे. आपल्या घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर अदलाबदलीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि चांगल्या सप्लायवरचा संगणकही बंद पडतो. म्हणून नवा एसएमपीएस आणण्यापूर्वी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे की नाही, ते तपासून घ्यावे.