तुम्ही आक्कांचे कोण लागता?

मेडिकलवाला विचारतो, बँकेतल्या मॅडम विचारतात, गल्लीत नवीन आलेले तर पहिल्या भेटीतच विचारतात. विचारलंत म्हणून सांगतो: शेजारी. आता पुढचा प्रश्न, मग एवढं का करता?

पस्तीस वर्षं मी मराठी शिकवलं. फळ्यावर 'लागणे' लिहिलं की तास कसा सरायचा कळायचं नाही. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, बोअरला पाणी लागतं. आमच्या कोल्हापुरात पत्रिका हातात ठेवून 'यायला लागतंय' म्हणतात, तो आग्रह असतो. शेतात आडसाली उसाची लागण झाली की माणूस निवांत होतो; २०२० साली तोच शब्द ऐकून आम्ही दारं लावून घेतली. मी पोरांना ऐटीत सांगायचो, मूळ एकच, संस्कृत 'लग्', म्हणजे चिकटणे. लग्नसुद्धा त्यातलंच. बाकी संदर्भावरून कळतं.

कळतं म्हणे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागलं आणि त्याच गडबडीत आक्का जिन्यात घसरल्या. चौघांनी खुर्चीसकट उचलून कोरड्या रस्त्याला आणलं, तिथून रिक्षा. दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म सरकवला. नाव, वय, पत्ता भराभर लिहिलं. 'नाते' पाशी पेन अडलं. "काका, पेशंटचे कोण लागता?" मागं रांग, पँट गुडघ्यापर्यंत ओली. सही केली की ऑपरेशनची जबाबदारी आपल्या गळ्यात, आणि सख्खा पुतण्या पुण्यात. मी म्हटलं, "कोण नाही. शेजारी."

स्ट्रेचर माझ्या कोपराला टेकलेलं होतं. आक्कांनी मान भिंतीकडं वळवली.

खोटं काय बोललो? काहीच नाही. सहीसुद्धा शेवटी मीच केली, पुतण्याला फोन लावून. पण नुसतं 'शेजारी' म्हटलं असतं तरी त्या पोरीचं काम भागलं असतं. आधीचं 'कोण नाही' कुणी मागितलं होतं?

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. "ठेवा तिथं. पावसाचं कशाला आलात?" ही बाई तीस वर्षं मला 'काय रे मास्तरा' म्हणत होती. ठेवा. आलात. 'मनाला लागणे', वाक्यात उपयोग करा. किती पेपरांत दिलं असेल मी.

बायको म्हणते, तेव्हाचं फेडताय. फेडत असेन. पण तिला तर त्याआधी आक्कांना आणून दिलेली पेन्शन, डबा, गोळ्या दिसत नाहीत. हे पुराआधीपासूनच चाललंय. 'करावं लागतं' मधलं 'लागतं' सहायक, 'कोण लागता' मधलं मुख्य, असं मी ठासून शिकवायचो. आता कुणी वेगळं करून दाखवा म्हटलं तर मला जमायचं नाही.

आक्का अजून 'तुम्ही'च म्हणतात. परवा मेडिकलवाल्यानं परत विचारलं, "सर, आक्का तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "किती झाले?"